जागा दिली, वेळ कोण देणार?

विद्यापीठाचे दार कोणाला उघडे असावे, हा वाद आपल्याकडे दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात रंगतो. दारातून आत आलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो की अर्ध्या वाटेवरून निमूटपणे घरी परततो, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या मूळ रहिवाशांच्या उच्च शिक्षणासाठी जे उपाय योजले आहेत त्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ते याच कारणासाठी. त्या देशाला सर्व साधले आहे असे मुळीच नाही. परंतु गाडे नेमके कोठे अडते, हे त्याला उमगू लागले आहे.

ॲबोरिजिनल लोक आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी सहस्रावधी वर्षे त्या भूमीवर नांदत आले आहेत. सिडनी विद्यापीठ १८५० साली स्थापन झाले. चार्ल्स पर्किन्स तेथून पदवीधर झाले ते १९६६ साली. तेव्हा सबंध देशात त्यांच्या समाजातील पदवीधर हाताच्या बोटांवर मोजता येत होते. १९६९ मध्ये केंद्र सरकारने ‘ॲबस्टडी’ ही निर्वाहवेतनाची योजना सुरू केली. तरीही २०२१ च्या खानेसुमारीत ज्यांचे प्रमाण ३.२ टक्के भरले, त्यांचा विद्यापीठांतील देशी विद्यार्थ्यांमधला वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच घोटाळत आहे.

यावर त्या देशाने प्रथम दार रुंद केले. लॅरिसा बेहरेंट या मूळ रहिवासी विदुषींच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये विद्यार्थ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या प्रमाणाला भिडले पाहिजे, असा आग्रह धरला. २०२१ पासून ग्रामीण व दुर्गम भागांतील, आणि २०२४ पासून शहरांसह सर्वच मूळ रहिवासी विद्यार्थ्यांसाठी, वैद्यकशिक्षण वगळता, सरकारी अनुदानाच्या जागांवरील मर्यादा उठविण्यात आली. ज्याला विद्यापीठाने पात्र ठरविले, त्याला जागा मिळणारच. पात्रता ठरविण्याची रीतही बदलली. बारावीच्या गुणानुक्रमाखेरीज मुलाखत, लेखी काम आणि जीवनानुभव पाहून प्रवेश देण्याची सोय अनेक विद्यापीठांनी केली आहे. ज्यांची पूर्वतयारी कच्ची आहे त्यांच्यासाठी पूर्वतयारीचे वर्ग आहेत, आणि १ जानेवारी २०२५ पासून सरकारी अनुदानाच्या अशा वर्गांना शुल्क नाही.

परंतु खरी अडचण दारापाशी संपत नाही. मूळ रहिवाशांपैकी पुष्कळ जण शाळा सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी विद्यापीठात येतात. तोवर संसार, मुलेबाळे आणि वडीलधाऱ्यांची जबाबदारी अंगावर पडलेली असते. गावात कोणी दिवंगत झाले तर अंत्यविधीसाठी दिवसचे दिवस आप्तांत राहणे हा त्यांचा धर्म आहे. हजेरीपटावर मात्र ती केवळ गैरहजेरी ठरते. अशा माणसाला हजार मैलांवरच्या शहरात तीन वर्षे राहा असे सांगणे म्हणजे पदवी आणि घर यांतून एकाची निवड करावयास लावणे होय.

या पेचावरचा उपाय आम्हांला सर्वांत विचारार्ह वाटतो. जिलाँगजवळ डीकिन विद्यापीठाची जी मूळ रहिवाशांसाठीची संस्था आहे, तेथे विद्यार्थी आपल्या गावी राहूनच शिकतो. सत्रातून ठरावीक दिवस तो विद्यापीठात येतो, सलग शिकतो, गुरुजनांना आणि सहाध्यायांना भेटतो आणि पुन्हा घरी जातो. अशा शिक्षणक्रमांच्या प्रवासाचा आणि निवासाचा भार उचलण्यासाठी सरकारची स्वतंत्र योजना आहे. उत्तरेस डार्विनपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेली बॅचलर येथील संस्था तर मूळ रहिवासी शिक्षक-साहाय्यकांच्या प्रशिक्षणातूनच वाढली. विद्यार्थ्याने संस्थेच्या साच्यात बसावे, एवढीच अपेक्षा न ठेवता संस्थेने आपले वेळापत्रक त्याच्यासाठी वाकविले, हे येथे महत्त्वाचे आहे.

यामुळे गुणवत्तेचा बळी जातो, हा आक्षेप अपेक्षितच आहे. पण तो टिकणारा नाही. वाकविले जाते ते प्रवेशाचे माप आणि वेळापत्रक. अंतिम परीक्षेचे माप तेच राहते. तीन वर्षांचा अभ्यास पाच वर्षांत पुरा केल्याने परिचारिकेचे किंवा शिक्षकाचे ज्ञान उणे ठरत नाही. अधिक गंभीर आक्षेप निराळाच आहे: एवढे करूनही नऊ वर्षांच्या अवधीत पदवी हाती येते ती त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांनाच. म्हणजे सवलतीच्या वेळापत्रकामागे निर्वाहाचा पैसा आणि पाठीशी उभे राहणारा शिक्षक नसेल, तर लवचीकपणाचे रूपांतर एकाकीपणात होते.

हा धडा महाराष्ट्राला परका नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती ९.३५ टक्के आहेत. आरक्षणाने त्यांना जागा दिली, आणि ते घटनेचे ऋणच होते. तरी २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचे पटनोंदणीचे प्रमाण २८.४ असताना अनुसूचित जमातींचे २१.२ होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना निर्वाहासाठी पैसे देणारी ‘स्वयम’ योजना आपल्याकडे आहे; गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे; नाशिकला १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. साधने नाहीत असे नाही. त्यांना जोडणारी वाट मात्र नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे. सुखवस्तू घरातील मुलासाठी ती निवड असेल. भातलावणीसाठी किंवा वीटभट्टीवर कुटुंबामागे जावे लागलेल्या धडगावच्या वा भामरागडच्या मुलासाठी मात्र ते शिक्षण सुटण्याचेच सभ्य नाव ठरण्याचा धोका आहे. बाहेर पडण्याची तरतूद कागदावर सोपी असते. परत येणाऱ्याला कोण बोलावणार, त्याचा खर्च कोण देणार आणि मागे पडलेला अभ्यास कोण भरून काढणार, याची व्यवस्था विद्यापीठांनी केली पाहिजे.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. आदिवासी जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी पदवीपूर्वी एक निःशुल्क पूर्वतयारीचे वर्ष द्यावे. शेतीचे आणि स्थलांतराचे दिवस टाळून सलग वर्गांची सत्रे आखावीत. निर्वाहाचा पैसा सत्र संपल्यावर नव्हे, सत्राच्या आरंभी हाती पडावा. आणि प्रत्येक विद्यापीठाने किती आदिवासी विद्यार्थी आले या आकड्याशेजारी किती पदवीधर झाले हाही आकडा दरवर्षी जाहीर करावा. पहिला आकडा सरकारच्या औदार्याचा आहे. विद्यापीठाची परीक्षा दुसऱ्या आकड्याने होणार आहे, आणि ती देण्यास आपली विद्यापीठे तयार आहेत काय, हे त्यांनी सांगावे.