दिवा कोणाच्या नावावर?

महिन्याच्या महिन्याला घरात येणाऱ्या कागदपत्रांत विजेच्या बिलाइतका अप्रिय कागद दुसरा नसावा. रकमेचा आकडा पाहावयाचा, कपाळाला आठी घालावयाची, आणि मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत ते बिल घड्याळामागे किंवा देवघराच्या फळीवर खोचून ठेवावयाचे, हा बहुतेक घरांचा परिपाठ. त्या कागदाच्या माथ्यावर कोणाचे नाव छापले आहे, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. घेण्याचे कारणही नसते. इंदूर-ग्वाल्हेरला, बडोद्याला किंवा हैदराबादेस ते नाव एखाद्या सरकारी वीज कंपनीचे असते. गोव्यात सरकारच्या वीजखात्याचे असते. परंतु आमच्या वाचकांपैकी जी मंडळी बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यात राहतात, किंवा ज्यांचे माहेर, आजोळ त्या बाजूस आहे, त्यांना ठाऊक असेल की तेथील बिलाच्या माथ्यावर एका सहकारी संस्थेचे नाव असते. संकेश्वर-हुक्केरीच्या परिसरात घरातील दिवा, शेतातील पंप आणि पिठाची गिरणी चालविणारी वीज जी संस्था पुरविते, तिचे मालक म्हणजे तिचे सभासदच. निदान कागदोपत्री तरी. या ‘निदान’ शब्दाविषयीच आज आम्हांला काही लिहावयाचे आहे.

हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संस्थेची स्थापना १९६९ सालची. अप्पणगौडा पाटील यांच्यासारख्या जुन्या सहकारी कार्यकर्त्याचे नाव तिच्या आरंभाशी जोडलेले आहे. संकेश्वरचा हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना ज्या पिढीने उभारला, त्याच पिढीचे हे कर्तृत्व. शेजारच्या गोकाकला धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरणी चालू लागली. कावेरीवर शिवसमुद्रम् येथे निर्माण झालेली वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. गिरणीला आणि खाणीला वीज मिळाली, पण खेड्यातील चूल, जाते आणि विहीर यांच्यापर्यंत ती पोहोचण्यास दोन पिढ्या लोटाव्या लागल्या. कारण उघड आहे. गिरणी एका जागी पुष्कळ वीज घेते व दाम मोजते. खेडे विखुरलेले, दिवा एक, आणि तोही संध्याकाळी चार तास. अशा गिऱ्हाइकापायी मैलोगणती खांब कोण रोवणार?

हाच प्रश्न आपल्याआधी अमेरिकेतील शेतकऱ्यांपुढे उभा राहिला होता, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. तो देश विजेच्या झगमगाटासाठी प्रसिद्ध. परंतु १९३५ च्या सुमारास तेथील दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. शहरे उजळली होती आणि गावाबाहेरच्या शेतावर राहणारी बाई रॉकेलच्या दिव्याखाली स्वयंपाक करीत होती, विहिरीचे पाणी वाहून आणीत होती, चुलीवर तापविलेल्या लोखंडी इस्त्रीने कपड्यांवर हात फिरवीत होती. खाजगी वीज कंपन्यांचे म्हणणे असे की, मैलामागे दोन-तीन घरे, त्यांत आम्हांला काय सुटणार? १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र कचेरी काढली आणि १९३६ साली त्यासाठी कायदा झाला. सरकारने दिले ते दान नव्हे, कर्ज. ते घेण्यास शेतकऱ्यांनी पुढे यावयाचे होते. पुष्कळ ठिकाणी पाच डॉलर सभासद-वर्गणी ठरली. मंदीच्या त्या दिवसांत पाच डॉलरही शेतकऱ्याला जड होते. तरी दारोदार फिरून सभासद गोळा करण्यात आले, खांब रोवण्यास लोकांनी जमिनीतून वाट दिली, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत दहांपैकी नऊ शेतघरांत वीज आली.

आज अमेरिकेत अशा सुमारे ९०० सहकारी वीजसंस्था आहेत आणि चार कोटींहून अधिक लोकांना त्या वीज पुरवितात. त्यांच्या काही चाली आमच्या गृहिणी वाचकांना ऐकण्यासारख्या आहेत. वर्षाअखेर खर्च वजा जाता जी शिल्लक उरते ती प्रत्येक सभासदाच्या वापराच्या प्रमाणात त्याच्या खाती मांडली जाते. संस्था ती काही वर्षे भांडवल म्हणून वापरते आणि पुढे परत करते. वादळात एका संस्थेचे खांब कोसळले की शेजारच्या राज्यांतील संस्थांचे लाईनमन आपापल्या गाड्या घेऊन धावतात. १९८९ साली दक्षिण कॅरोलिनातील एका संस्थेने एक युक्ती काढली. सभासदाची संमती असेल तर बिलाची रक्कम पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत न्यावयाची आणि वरचे सेंट गावातील अडलेल्या-नडलेल्यांच्या निधीत टाकावयाचे. ही युक्ती पाहता पाहता शेकडो संस्थांनी उचलली. कित्येक राज्यांत या संस्थांची मासिकेही निघतात, आणि त्यांत वीज वाचविण्याच्या सूचनांच्या शेजारी पाककृती छापलेल्या असतात! आमच्यासारख्या मासिकाला हे वाचून थोडा आपलेपणा वाटला तर वाचकांनी हसू नये.

पुढे याच अमेरिकन संस्थांच्या संघाचे तज्ज्ञ भारतात आले. ग्रामीण पतपुरवठ्याचा आढावा घेणाऱ्या वेंकटप्पय्या समितीच्या शिफारशीनुसार १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, आणि प्रयोग म्हणून पाच ठिकाणी सहकारी वीजसंस्था काढण्याचे ठरले. त्या वेळच्या म्हैसूर राज्यात हुक्केरी, आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौचा परिसर आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. कल्पना बाहेरून आली तरी माती तयार होती. सहकार आपल्याकडे परका नव्हता. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांनी १८८९ सालीच परस्परसाहाय्याची ‘अन्योन्य’ मंडळी काढली होती. गदगजवळच्या कणगिनहाळ येथे १९०५ साली सहकारी पतपेढी उघडली होती. प्रवरेकाठी तर १९५० पासून सहकारी साखर कारखाना चालत होता.

आता या संस्था करतात काय? त्या वीज निर्माण करीत नाहीत. राज्याच्या वीज कंपनीकडून ती घाऊक विकत घ्यावयाची आणि आपल्या तारांवरून घरोघर पोहोचवावयाची. दुकानदार पेठेतून पोती आणून गावात किलो-किलोने विकतो तसाच हा व्यवहार. फरक एवढाच की दुकानदाराच्या मालाला फार तर उंदीर लागतो. येथे माल वाटेतच तारांत जिरतो, आणि कोणी आकडा टाकला तर चोरीलाही जातो. घाऊक दर आणि किरकोळ दर यांमधील फटीतून खांब, डीपी, कामगारांचा पगार, कर्जाचा हप्ता असे सर्व निभवावयाचे. हे दरही आता संस्थेच्या हाती नाहीत, ते राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. संस्थेच्या हाती उरते ते तीन गोष्टींत: गळती किती रोखावयाची, वसुली किती नेटाने करावयाची, आणि तार तुटली तर माणूस किती लवकर पोहोचवावयाचा.

यांतील शेवटच्या गोष्टीचे मोल आकड्यांत मांडता येत नाही. मृगाच्या पहिल्या वादळात झाड तारेवर पडते, तेव्हा दूरच्या कचेरीतील फोनवर ‘तक्रार नोंदविली आहे’ हे ऐकणे निराळे आणि ज्याच्या आईला आपण ओळखतो अशा लाईनमनला हाक मारणे निराळे. संस्थेचे कार्यालय तालुक्यातच असल्याने भांडावयासही जागा जवळ असते. हे लहानसहान सुख नव्हे.

सिरसिल्ल्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. हैदराबाद आणि नांदेडकडील पुष्कळ मराठी कुटुंबे वेमुलवाड्याच्या राजराजेश्वराला जातात. त्याच परिसरात ही संस्था १९७० पासून वीज पुरवीत आली आहे. सिरसिल्ला हे यंत्रमागांचे गाव. तेथील विणकर पोटासाठी भिवंडी-सोलापूरकडे गेले, काही परतले आणि त्यांनी आपल्या गावी माग टाकले. विणकराच्या घरी माग थांबला की चूल थांबते. त्याच घरांतून बायका बिड्या वळतात. अशा गावात वीजपुरवठा म्हणजे केवळ दिवाबत्ती नव्हे, तो दिवसाचा रोज आहे. अवघ्या मागांचे दुःख वीजसंस्थेने निवारले असे कोणी म्हणणार नाही. विणकरांच्या आत्महत्यांची काळी वर्षे याच गावाने पाहिली. परंतु वीज ही तेथे सभासदांच्या सभेत बोलावयाची गोष्ट राहिली, आणि संचालकांना निवडणुकीत मते मागण्यासाठी मागाच्या खडखडाटात उभे राहावे लागले, ही गोष्टही लहान नाही.

पाच बहिणींपैकी सर्वांत मोठी होण्याची लक्षणे जिच्यात होती, तिची कथा मात्र खेदाची आहे. मुळा-प्रवरा संस्था श्रीरामपूर, राहुरीच्या बागायती पट्ट्यातील. ऊस, विहिरी आणि पंप यांचा तो मुलूख. सहकाराचे तर ते माहेरघर. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील या संस्थेकडे सभासद होते, कार्यकर्ते होते, राजकीय वजन होते. पंपांना वीज मीटरवर न मोजता अश्वशक्तीवर ठोक दराने देण्याची रीत महाराष्ट्रात रूढ झाली. शेतकऱ्याला ती सोयीची वाटली. पण किती वीज पंपाने ओढली आणि किती गळाली, याचा हिशेब त्या रीतीत हरवतो. संस्थेने घाऊक वीज घ्यावयाची मोजून आणि विकावयाची न मोजता, असा हा उफराटा व्यवहार. घाऊक दर आम्हांला परवडत नाही असे संस्थेचे म्हणणे, पैसे थकले आहेत असे पुरवठादाराचे म्हणणे. थकबाकी फुगत गेली, वाद आयोगापुढे गेला, आणि २०११ साली संस्थेचा परवाना संपल्यावर वितरण महावितरणकडे गेले. चाळीस वर्षांची संस्था वितरणातून बाजूला झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दिवशी कोणाच्या घरी अंधार झाला नाही. खांब तेच, तारा त्याच, दिवे तेच. म्हणूनच पुष्कळांना काही गेले असे वाटलेही नाही. आमच्या मते दोष एकट्या संचालकांचा नव्हता आणि एकट्या सरकारचाही नव्हता. थकलेले बिल हे आपल्याच संस्थेचे, म्हणजे आपलेच देणे आहे, असे ज्या सभासदांना वाटले नाही, त्यांचाही त्यात वाटा होता. मालकाने आपल्याच दुकानात उधारी वाढवीत न्यावी आणि दुकान बुडाले म्हणून वाण्याला बोल लावावा, तसे हे झाले.

सभासद झोपला की काय होते याचे दुसरे टोक टेक्सासमध्ये दिसले. लिंडन जॉन्सन यांच्या खटपटीने १९३८ साली निघालेली तेथील पेडर्नालेस संस्था पुढे फार मोठी झाली. संचालकांच्या जागांसाठी उमेदवार ठरावयाचे ते जुन्यांच्याच मर्जीने. पैसा भरपूर, बैठका बंद दाराआड. अखेर २००७ साली काही सभासदांनीच कोर्टाची पायरी चढली. २००८ पासून खुल्या निवडणुका सुरू झाल्या, आणि २०१० साली माजी महाव्यवस्थापकाला न्यायालयाने दोषी ठरविले. संस्था मात्र वाचली. पैशाची ददात असलेली संस्था जशी बुडू शकते, तशी पैशात लोळणारीही नासू शकते. दोन्हीकडे औषध एकच होते, ते एकीकडे कोणी घेतले नाही.

हुक्केरीची संस्था आज उभी आहे. २०२५ साली तिच्या संचालक मंडळाची निवडणूक अशी गाजली की जणू विधानसभेचीच. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी त्यात उडी घेतली. ही चुरस पाहून काहींनी नाके मुरडली. आम्हांला तितके वाईट वाटले नाही. ज्या संस्थेसाठी कोणी भांडत नाही ती संस्था मेलेली समजावी. मात्र निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी. पंपांच्या मोफत विजेपोटी सरकारकडून येणे किती, ते वेळेवर येते की नाही, गळती गेल्या वर्षापेक्षा घटली की वाढली, हे प्रश्न त्या सभेत विचारावयाचे असतात. अहवालाची पुस्तिका घरी आणून तिच्या कागदात भाकरी बांधली, तर तो दोष अहवालाचा नव्हे.

आणि सभेला जाते कोण? दिवसाचे चौदा तास ज्या घरात वीज वापरली जाते, तेथे ती वापरणारी आणि बिलासाठी पैसे बाजूला काढून ठेवणारी बहुधा बाई असते. मिक्सर, पाण्याची मोटर, मुलांच्या अभ्यासाचा दिवा तिच्या हाती. पण भाग असतो घरधन्याच्या नावावर. अमेरिकेतील पुष्कळ वीजसंस्थांत पती-पत्नींना एकत्र सभासद होता येते. आपल्याकडे संचालक मंडळात स्त्रियांसाठी राखीव जागा असतात, हे चांगलेच. पण त्या जागेवर बसणाऱ्या बाईला मत देणाऱ्या बायका सभासद-यादीत किती, हे एकदा मोजून पाहावे.

पुष्कळ घरांत तर परिस्थिती याहून विचित्र असते. जोडणी सासऱ्यांच्या नावे, भागही त्यांच्याच नावे, आणि सासरे जाऊन वीस वर्षे झालेली. बिल त्यांच्या नावे येते, ते बिनचूक भरलेही जाते. परंतु गेलेला माणूस मत देऊ शकत नाही आणि जिवंत माणसे यादीत नसतात. आमच्या ज्या वाचकांचे घर अशा संस्थेच्या परिसरात आहे, त्यांनी या महिन्याचे बिल आले की प्रथम त्यावरील नाव वाचावे. नाव दिवंगत वडिलधाऱ्यांचे असेल तर मृत्यूचा दाखला, भागाचा दाखला सापडल्यास तो, आणि इतर वारसांची संमती घेऊन तालुक्याच्या कार्यालयात जावे, नाव बदलण्याचा अर्ज मागावा, आणि जोडणीबरोबरच भागही नव्या नावावर झाला की नाही ते विचारल्यावाचून परतू नये. नवे नाव कोणाचे घालावयाचे, हे कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वी घरीच ठरवून जावे.