स्वातंत्र्याची सुट्टी

पाचगणीस १५ ऑगस्ट कसा पार पडतो हे पाहावयास फार हिंडावे लागत नाही. शाळाशाळांतून झेंडा चढतो, पावसाळी धुक्यात मुले रांगेने उभी राहतात, भाषण होते, जिलेबी खाल्ली जाते आणि सारे आटोपते. पुढे पसरणीचा घाट मोटारींनी भरतो. पुण्यामुंबईची सुशिक्षित मंडळी, म्हणजे तुम्हीआम्हीच, शनिवार-रविवार लागून आला की नाही एवढाच या तिथीचा विचार करून वर येतो. यास राष्ट्रीय सण म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

यावर ठरीव उत्तर असे की, सण हुकमाने निर्माण होत नाहीत, त्यांस काळ लागतो. हे उत्तर आळशाचे आहे. काळ नुसता लोटल्याने काय होते? दक्षिण अमेरिकेतील चिली देश पाहा. तेथे १८ सप्टेंबरला गावोगाव डहाळ्यांचे मांडव पडतात, लोक खिम्याच्या करंज्या खातात, हातरुमाल फिरवीत क्वेका नाचतात, पोरे पतंग उडवितात, घरोघर निशाण लागते. आणि गंमत अशी की, १८१० सालच्या त्या दिवशी चिली स्वतंत्र झालाच नव्हता! स्पेनचा राजा नेपोलियनच्या कैदेत, म्हणून सांतियागोच्या नागरिकांनी सभा भरवून, राजाच्याच नावाने का होईना, कारभारास आपले मंडळ नेमले, इतकेच. स्वातंत्र्याची घोषणा व्हावयास १८१८ साल उजाडले. तरीही लोकांनी सण धरला तो कारभारास प्रथम हात घातल्याच्या दिवसाचा.

आमची तिथी सत्तांतराची. जपानच्या शरणागतीचा वार्षिक दिवस म्हणून माउंटबॅटनसाहेबांस ती सुचली. तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु साताऱ्याच्या माणसास आपले म्हणावे असे तिच्यासोबत दुसरे काही असावयास नको काय? ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवर लोकांनी तिरंगा चढविला. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सोबती पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरास तेच घडले. यातून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याने गावोगाव तंटे तोडले, कुंडलास तुफान सेना शिकविली, कर्ज काढून होणारी लग्ने बंद पाडून साधे विवाह लावले. त्यातले किसन वीर तर वाई तालुक्यातील कवठ्याचे, म्हणजे याच घाटाच्या पायथ्याकडचे. जुलै १९४४ मध्ये गांधीजी पाचगणीस विश्रांती घेत होते, तेव्हा याच जिल्ह्यात हे राज्य चालू होते.

वडूजला हुतात्म्यांना वंदन होते हे आम्ही जाणतो. पण ते वडूजकरांचे घरगुती श्राद्ध होऊन बसले आहे, आणि पाचगणीच्या नामांकित शाळांत देशोदेशींची मुले शिकत असता त्यांस परशुराम घार्गे हे नाव ठाऊक नसते, ही आमची तक्रार आहे. नवी सुट्टी आम्ही मागत नाही. सुट्ट्या पुष्कळ झाल्या. सप्टेंबरात एक दिवस मुलांना वडूजला न्यावे, जेथे गोळ्या झाडल्या गेल्या ती जागा दाखवावी, गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून हकिकत ऐकवावी आणि गावकऱ्यांच्या पंक्तीस भाकरी खाऊ घालावी. घाट चढून आलेल्या मोटारींपैकी दोनचार तिकडे वळल्या तर टेबललँड काही ओस पडणार नाही.