तार जोडली, तरी चित्र अडखळते

दादांच्या वर्षश्राद्धाला इंदूरच्या घरी सारी भावंडे जमली होती. सायंकाळी त्यांच्या पंचाहत्तरीचे चित्रीकरण मीडिया प्लेअरवर लावले, तो भाषण वाक्यागणिक अडखळू लागले. नवा प्लेअर घेण्याच्या गोष्टी निघाल्या.

दोष मात्र केबलचा होता. तिच्यात आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिट वेगासाठी चारही लागतात. १०० साठी दोनच पुरतात. उरलेल्या दोहोंतील एखादी तार दारात चेपून तुटली, तर जोडणी बंद न पडता बहुधा मुकाट्याने १०० वर उतरते. इंटरनेटवरील चित्रपटांना २५ मेगाबिटही पुरत असल्याने हा दोष ध्यानात येत नाही. आमच्या फोर-के चित्रीकरणाला मात्र १०० हून अधिक हवे होते.

तेव्हा वाचकहो, प्रथम राउटरच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहावा. तो १०० दिसल्यास केबल बदलावी. तरीही फरक न पडल्यास प्लेअरची पुस्तिका वाचावी. कित्येकांचे पोर्ट मुळातच १०० चे असते. तेथे चांगले वायफाय सरस ठरू शकते.

आम्ही केबल बदलली, आणि दादांचे भाषण सर्वांनी अखंड ऐकले.