जुनी प्रणाली, नवा लॅपटॉप आणि बालकांच्या नोंदी

आपल्यापैकी ज्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बडोद्यात दवाखाने थाटले, त्यांच्या टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी संगणकही त्याच सुमारास येऊन बसला. आरंभी तो केवळ पावत्या छापत असे. पुढे त्याने रुग्णनोंदी, लसीकरणाच्या तारखा, वजन-उंचीचे आलेख असे सर्वच काम अंगावर घेतले. आज ते संगणक थकले आहेत. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून तर लॅपटॉप बदलण्याची लाटच आली आहे. नवा लॅपटॉप घरी येतो आणि दुसऱ्याच दिवशी ध्यानी येते की पंचवीस वर्षांच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते त्यावर चालतच नाही. मग आपले डॉक्टर बंधू-भगिनी तंत्रज्ञाला गाठून म्हणतात, “यात जुनी विंडोज टाकून द्या.” ही मागणी रास्त की अविचारी, आणि रास्त असेल तर ती कशी पुरी करावी, याविषयी माझे मत येथे मांडत आहे. मी संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु लक्षण, कारण, निदान आणि उपचार हा क्रम आपण सर्वांनी आयुष्यभर गिरवला आहे आणि तो येथेही तंतोतंत लागू पडतो.

प्रथम हे जुने जपावे तरी कशासाठी, ते पाहू. बालरोगतज्ज्ञाच्या नोंदींचे आयुष्य इतरांच्या नोंदींपेक्षा दीर्घ असते. २००० साली ज्या बाळाला आपण गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस दिली, ते बाळ आज पंचविशीत आहे आणि उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले आहे. तेथील अनेक विद्यापीठे या लसीच्या दोन मात्रांच्या तारखा मागतात. घरचे लसीकरणाचे कार्ड दोन-तीन घरे बदलताना कोठेतरी हरवलेले असते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात त्या काळी केवळ गोवराची लस होती. गोवर-रुबेलाची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे त्या जुन्या मात्रेचा पुरावा खासगी दवाखान्याच्या दप्तराखेरीज अन्यत्र सापडणे कठीण. कोणी म्हणेल, लस पुन्हा द्यावी, त्यात अपाय नाही. ते खरेच आहे. परंतु नवजात अवस्थेतील तीव्र काविळीत रक्त बदलले होते काय, पहिला झटका कितव्या महिन्यात आला, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, या गोष्टी पुन्हा देता येत नाहीत. त्या एकदाच घडतात आणि एकदाच लिहिल्या जातात. आई-वडिलांची स्मृती पुसट झाली की नोंद हाच एकमेव साक्षीदार उरतो.

तेव्हा नोंदी जपणे हे कर्तव्यच होय. मात्र नोंदी जपणे आणि प्रणाली जपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. येथेच पहिले निदान हवे. आपल्याला खरोखर जुनी विंडोज हवी आहे, की तिच्या पोटातील माहिती हवी आहे? त्या काळातील कित्येक दवाखान्यांची सॉफ्टवेअरे फॉक्सप्रो या पद्धतीत लिहिलेली होती आणि त्यांच्या ‘डीबीएफ’ संचिका आजही लिब्रेऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तसे असेल तर जुनी प्रणाली बसवण्याचा खटाटोप अनावश्यक ठरतो. रोगी बरा होण्यासारखा असताना शस्त्रक्रिया कशाला?

परंतु काही वेळा ती अटळ असते. माहिती सांकेतिक स्वरूपात बंदिस्त असते, सॉफ्टवेअर करून देणारा केव्हाच व्यवसाय सोडून गेलेला असतो, किंवा एखादे तपासणीयंत्र जुन्या प्रणालीखेरीज बोलतच नाही. अशा वेळी काय घडते आणि का घडते, हे डॉक्टरांना ठाऊक असावे. नाहीतर तंत्रज्ञ “होत नाही” म्हणाला की आपण निमूटपणे मान हलवतो.

सर्वांत आधी एक पथ्य: जुन्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत अन्यत्र घेतल्याखेरीज कोणालाही काहीही ‘फॉरमॅट’ करू देऊ नये. आता लक्षणे पाहू.

पहिले लक्षण: लॅपटॉप जुन्या विंडोजची तबकडी वा पेनड्राइव्ह ओळखतच नाही. नवे लॅपटॉप यूईएफआय या पद्धतीने सुरू होतात आणि ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी अनोळखी प्रणालीला दारातच अडवतो. विंडोज एक्सपी ही २००१ सालची. तिला जुन्या पद्धतीचे बायोस आणि जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क हवी. सेटिंगमध्ये ‘लेगसी’ वा ‘सीएसएम’ असा पर्याय असेल तर मार्ग निघतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमधून तो पर्यायच काढून टाकलेला आहे. तेथे हट्ट सोडावा, हे उत्तम.

दुसरे लक्षण: बसवण्याची क्रिया सुरू होते आणि थोड्याच वेळात निळा पडदा येतो; त्यावर शून्यांच्या रांगेनंतर ‘७बी’ असा दोषांक दिसतो. पुष्कळजण घाबरून लॅपटॉपच बिघडला असे समजतात. वस्तुतः एक्सपीला नव्या डिस्कशी संवाद साधणारा ‘एएचसीआय’ पद्धतीचा ड्रायव्हर ठाऊक नसतो. डिस्क समोर असूनही तिला ती दिसत नाही. उपाय दोन. बायोसमध्ये डिस्कची पद्धत बदलून ‘आयडीई’ वा ‘कम्पॅटिबल’ करावी, किंवा योग्य ड्रायव्हर आधीच तबकडीत मिसळून घ्यावा. पूर्वी हा ड्रायव्हर ‘एफ ६’ कळ दाबून फ्लॉपीवरून देत असत. आजच्या लॅपटॉपला फ्लॉपी कोठली? पहिला उपाय करताना एक सावधगिरी आहे. त्याच डिस्कवर आधीची नवी विंडोज असेल, तर पद्धत बदलताच ती सुरू होईनाशी होऊ शकते. घाबरू नये, पद्धत पूर्ववत केली की ती पुन्हा चालते.

तिसरे लक्षण विंडोज ७ चे. २००९ च्या या प्रणालीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नव्हते. साधारण २०१५ नंतरच्या अनेक लॅपटॉपवर ती बसवू गेल्यास ती अर्ध्या वाटेत “ड्रायव्हर सापडत नाही” असे म्हणते, आणि यूएसबीला जोडलेले माउस व कळफलकही मृतवत् होतात. नव्या ‘एनव्हीएमई’ डिस्कचीही हीच कथा. येथेही आवश्यक ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये आधी मिसळणे हाच इलाज.

चौथे लक्षण: सर्व बसले, पण जुने सॉफ्टवेअर चालत नाही. डॉस किंवा विंडोज ३.१ च्या काळातील १६ बिटी सॉफ्टवेअर ६४ बिटी विंडोजवर चालत नाही, मग ती विंडोज ७ असो वा ११. त्याला ३२ बिटी विंडोज लागते आणि विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्तीच निघालेली नाही. काही सॉफ्टवेअरांना तर संगणकाच्या मागे पॅरलल पोर्टला लावायचे कुलूप लागे. ते पोर्ट नव्या लॅपटॉपला नसते. ही चौकशी खरेदीपूर्वी करावी, नंतर नव्हे.

आणि एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली हव्या असतील तर थोरलीला आधी आणि धाकटीला नंतर बसवावे. उलट केल्यास जुनी प्रणाली नवीचा आरंभमार्गच पुसून टाकते, कारण नव्या भावंडाची तिला ओळखच नसते.

या साऱ्या कष्टांना एक उत्तम पर्याय आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरने लॅपटॉपच्या आत एक काल्पनिक संगणक निर्माण करता येतो. तो आतल्या एक्सपीला जुन्या काळची डिस्क आणि जुन्या काळचा पडदा दाखवतो, म्हणून वर सांगितलेल्या बहुतेक तक्रारी तेथे उद्भवतच नाहीत. शिवाय त्याची नेटवर्कची जोडणी एका खुणेने काढून टाकता येते आणि संपूर्ण काल्पनिक संगणकाची प्रत एका बाह्य डिस्कवर ठेवता येते. प्रत्यक्ष यंत्राशी जोडणी हवी नसेल, तर मी हाच मार्ग सुचवीन. मात्र प्रणाली परवान्याची असावी. बाजारात फुकट मिळणाऱ्या ‘तयार’ तबकड्यांत काय दडलेले असेल, याची शाश्वती कोणी देत नाही.

आता माझ्या मताचा गाभा. जुनी प्रणाली बसवणे अपराध नाही; ती इंटरनेटला जोडणे हा मात्र रुग्णांवर अन्याय आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या छिद्रांना सामान्यतः ठिगळे मिळत नाहीत. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील सुमारे १९,००० भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या असा अंदाज आहे. त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेथील बाधित संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते, आणि त्यांच्यासाठीचा उपाय दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाला होता. लस हाताशी होती. टोचली गेली नव्हती! आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्व्हर ठप्प झाले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून अहवालांपर्यंत बरेचसे काम हाताने करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही अवस्था, तर मांजलपूरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्याने निर्धास्त राहावे काय?

ज्या बाळाची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्याला आपण टाकून देत नाही आणि गर्दीतही नेत नाही, विलगीकरणात ठेवतो. जुन्या प्रणालीचेही तेच. तिला नेटवर्क नको, वाय-फाय नको, कोणाचाही पेनड्राइव्ह नको. माहिती बाहेर काढायची तर त्यासाठी राखून ठेवलेला एकच पेनड्राइव्ह, तोही तपासून.

कायदाही आता डोळे उघडून बसला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. बालकांच्या बाबतीत ही तीन वर्षे अपुरी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल सज्ञान होऊन पुढे काही वर्षे जाईपर्यंत तरी नोंद राहावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे, आणि माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणजे नोंद हरवणे जसे गैर, तशीच ती उघड्यावर टाकणेही गैर.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, “चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?” हा युक्तिवाद हार्ड डिस्क बंद पडेपर्यंतच टिकतो. दुसरा पक्ष म्हणतो, “जुने सगळे फेका, आजपासून नवे सुरू करा.” तरुण सहकाऱ्यांना हे सोपे वाटते, परंतु ज्या रुग्णाचा पूर्वेतिहास आपण फेकून दिला, त्याला पुढे कोणते उत्तर देणार?

बडोदेकरांना हा प्रश्न नवा नाही. गायकवाडी काळातील कितीतरी कागद मोडी लिपीत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे; वाचणारे मात्र मोजकेच उरले. आपल्या स्मरणिकांचे जुने अंकही श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळवलेले असतील, तर त्यांच्या संचिका नव्या लॅपटॉपवर अनाकलनीय चिन्हांचा ढीग होऊन दिसतात. अक्षर जपले म्हणजे अर्थ जपला असे होत नाही; वाचण्याचे साधनही जपावे लागते, अथवा वेळीच लिप्यंतर करावे लागते.

म्हणून मंडळापुढे एक विनम्र सूचना ठेवतो. प्रत्येकाने एकेकटे झगडण्यापेक्षा मंडळाने एक चालता जुना लॅपटॉप राखावा. त्यात ३२ बिटी एक्सपी, फ्लॉपी व सीडी वाचण्याची सोय आणि शक्य असल्यास सीरियल व पॅरलल पोर्ट असावे. तो कधीही इंटरनेटला जोडू नये. वर्षातून एक रविवार ‘दप्तर-दिन’ म्हणून ठरवावा. सभासदांनी आपल्या जुन्या डिस्कची प्रत घेऊन यावे, जाणत्या तंत्रज्ञाच्या साहाय्याने आणि स्वतः समोर बसून नोंदी साध्या, कोठेही उघडतील अशा संचिकांत उतरवून घ्याव्यात, आणि राखीव लॅपटॉपवर मागे काहीही ठेवू नये. नवे सॉफ्टवेअर घेताना पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: “उद्या तुमचे दुकान बंद झाले तर माझ्या नोंदी मला कोणत्या स्वरूपात मिळतील?” उत्तर लेखी घ्यावे.

ज्येष्ठ सभासदांनी तर हे काम या वर्षीच हाती घ्यावे. निवृत्तीनंतर दवाखान्याची पाटी उतरते, संगणक भंगारात जातो आणि त्याबरोबर शेकडो मुलांचे बालपणही जाते. ती मुले मोठी झाली, दूरदेशी गेली, तरी त्यांच्या आरोग्याच्या इतिहासाचे पहिले पान आपल्याकडे ठेव म्हणून आहे. ठेव ज्याची त्याला सुस्थितीत परत करता यावी, एवढी व्यवस्था आपण सर्वांनी करून ठेवावी, ही विनंती.

(लेखक एम.डी. असून मांजलपूर, बडोदे येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करतात.)