आधी निचरा, मग गिलावा



क्षारपड रानावर पांढरा थर आला की तो खरवडून भागत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. खालचं पाणी केशाकर्षणानं वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागं ठेवतं. चोपण रानात निचरा नसेल तर जिप्समही वाया जातं.

जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो तो याच कारणानं. पण रानात चर काढणारा आपलाच माणूस घर दुरुस्तीला काढलं की गवंड्याला म्हणतो, "सिमेंटचा गिलावा मारून टाक." माझं मत स्पष्ट आहे. जुन्या माती-दगडाच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका.

अशी भिंत ओल पिते आणि सुकवतेही. सिमेंटनं तोंड बंद केलं की पाणी बाहेर पडत नाही, आणखी वर चढतं. वरून गिलावा धड दिसतो, आत पांढरी माती मऊ होत जाते. मग मोठ्या पावसात भिंत खचते आणि माणसं-जनावरं सापडतात. ऑईलपेंटचंही तेच.

मग करायचं काय? आधी पाणी कुठून येतं ते बघा. कौल-पत्रा गळतो का, पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतात का, न्हाणीचं पाणी मुरतं का. गावातले रस्ते थरावर थर पडून उंच झाले आणि कित्येक घरांची जोती खाली गेली. तिथं भिंतीलगतची भर काढा, पन्हाळ लावा, जमिनीचा उतार घराबाहेर द्या. भिंतीला खेटून खोल चर मात्र मारू नका. जुना पाया उथळ असतो, भिंत बसेल.

त्यानंतर सुटलेला गिलावा काढा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा आणि उन्हाळाभर भिंत उघडी सुकू द्या. मातीच्या भिंतीला माती-भुश्शाचा गिलावा, दगड-विटांच्या जुन्या भिंतीला चुन्याचा. वरून चुन्याची सफेदी.

चुन्याला वेळ लागतो, जाणकार गवंडी कमी राहिलेत, मजुरी जास्त जाते, हे खरं आहे. नव्या सिमेंट-विटांच्या घराला सिमेंटचा गिलावा चालतो, त्याबद्दल वाद नाही. पण पाण्याची वाट न बदलता दर दोन-तीन वर्षांनी पोपडे काढून परत गिलावा करणं त्याहून महाग पडतं. आणि धान्याची खोली ओली राहिली तर पोत्याला बुरशी लागते, ते नुकसान वेगळंच.

काम उन्हाळ्यात काढा, पण पाहणी पावसात करा. डोक्यावर पोतं घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पाणी कुठं थांबतं ते तिथंच दिसेल.

तुमच्या भागात चुन्याचं काम जाणणारा गवंडी असेल तर गाव-तालुका खाली लिहा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.