विमानतळ ते साखर पेठ

"अण्णा, बस कुठं थांबते?"

सोलापूरच्या विमानतळाबाहेर हा प्रश्न मला एका बाईंनी विचारला आणि मी क्षणभर गप्पच झालो. मुंबईहून आम्ही दोघे एकाच विमानाने आलो होतो. बाई सत्तरीच्या आसपासच्या. अंगावर साधे सुती पातळ, एका हातात काठी, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. बोटे पाहिली की कळत होते, या बाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या आहेत. सोलापुरात वाढलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. मुंबईला थोरल्या लेकाकडे त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. रात्रभराचा रेल्वेचा प्रवास आजीला झेपणार नाही म्हणून नातवाने मोबाइलवर विमानाचे तिकीट काढून दिले. मुंबईला त्याने चाकाच्या खुर्चीची सोय केली, इथे उतरल्यावरही एका मुलीने हात धरून त्यांना दारापर्यंत आणून सोडले. तिथून पुढे काय, हे मात्र नातवाने सांगितले नव्हते. सोलापूर आले म्हणजे घर आले, असे त्याला वाटले असणार.

धाकटी सून टॉवेलच्या कारखान्यात कामावर होती. तिला सुट्टी टाकायला लावणे बाईंना पटले नव्हते. "बसनं जातो म्हणलं मी," त्या म्हणाल्या. "एष्टी स्टँडावर बस असती, टेसनावर असती. हितं नाही काय?"

नाही म्हणायला मला संकोच वाटत होता. जणू विमानतळ मीच बांधला होता.

घ्यायला आलेल्या मोटारी दहा मिनिटांत एकेक करून निघून गेल्या. मला न्यायला भाचा येणार होता, त्याची गाडी मोहोळच्या अलीकडे बंद पडल्याचा निरोप मोबाइलवर आलेला. तासाभरात मुंबईहून आलेला मी पुढचा पाऊण तास त्या उन्हात उभा होतो. शेवटी कुणाला तरी सोडायला आलेली एक रिक्षा दिसली. साखर पेठ म्हटल्यावर त्याने चारशे सांगितले. मी अडीचशेवर आणले. बाईंनी कनवटीची छोटी पिशवी काढली आणि तिच्याकडे बघतच राहिल्या. तिकिटाचे पैसे नातवाचे होते, हे पैसे त्यांचे होते. हा फरक तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता थोडे मागे जाऊ. या विमानसेवेसाठी सोलापूरने काय काय केले, हे बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. होटगी रस्त्यावरची धावपट्टी जुनीच. किंगफिशरची मुंबईची सेवा मध्यंतरी काही काळ चालली आणि बंद पडली. मग वादाला तोंड फुटले ते श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून. सहवीजनिर्मितीसाठी बांधलेली, सुमारे नव्वद मीटर उंचीची ती चिमणी विमानाच्या वाटेत येते, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू होती ऊस घालणाऱ्या सभासद शेतकऱ्यांची. त्यांना ती चिमणी म्हणजे आपल्या गाळपाची हमी वाटत होती. उपोषणे झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना, असेही मी पाहिले. 15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडण्यात आली. काही क्षणांत धुरळ्याचा लोट उठला आणि खाली बसला. टाळ्या वाजवणारेही होते आणि डोळे पुसणारेही. मी कुणाच्या बाजूचा होतो हे इथे सांगत नाही. पण ज्या गावाने 1877 सालच्या जुन्या गिरणीपासून चिमण्यांकडे पाहूनच आपली ओळख सांगितली, त्या गावाने एक चिमणी विमानासाठी खाली घेतली, ही साधी गोष्ट नव्हे.

पुढे 29 सप्टेंबर 2024 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. 9 जून 2025 रोजी गोव्याचे विमान सुरू झाले, 15 ऑक्टोबरला मुंबईचे. पहिल्या विमानावर पाण्याचे फवारे उडवले गेले, पेढे वाटले गेले. वर्षानुवर्षे चर्चा चालली होती ती एवढीच, की विमान खाली कसे उतरणार. उतरलेला माणूस पेठेत कसा पोचणार, हे विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नव्हते. मी तर चार लोकांसारखा पेढा खाऊन घरी आलो होतो.

बँकेत असताना मला हा प्रश्न निराळ्या वेशात रोज भेटत असे. अधिकाऱ्यांची प्रवासबिले माझ्या टेबलावरून जात. विमानाचे तिकीट जोडलेले असे, त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. ऑडिटरची लाल पेन्सिल थांबायची ती खालच्या ओळीवर: 'विमानतळ ते मुक्काम, रिक्षा, पावती नाही.' हजारो रुपयांचे तिकीट बिनबोभाट मंजूर आणि दोनशे रुपयांवर तीन पत्रे. आम्ही हसत असू. आता वाटते, ऑडिटरचे बोट बरोबर जागी पडत होते. सगळ्या प्रवासात जिथे काही ठरलेले नसते, दर नसतो, पावती नसते, तो तुकडा तोच.

हे सगळीकडे असे नसते, हेही मला बँकेनेच शिकवले. मद्रासला प्रशिक्षणासाठी गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याने बजावले होते, टॅक्सी करू नकोस. विमानतळातून बाहेर पड, समोरचा रस्ता ओलांड, तिरुसूलम नावाचे लोकलचे स्टेशन आहे. मी बॅग घेऊन रस्ता ओलांडला आणि किरकोळ पैशांचे तिकीट काढून एग्मोरला उतरलो. डब्यात माझ्या शेजारी मासळीची रिकामी पाटी घेतलेली बाई बसली होती. विमानातून उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत मी त्या शहरातला एक माणूस झालो होतो. तेवढा आनंद मला विमानातही झाला नव्हता.

2008 साली हैदराबादचे विमानतळ बेगमपेठेतून उठून शमशाबादला गेले, बंगळूरचे देवनहळ्ळीला गेले. दोन्ही शहरांत लोक कुरकुरले, आता गावाबाहेर कोण जाणार म्हणून. पण तिथल्या सरकारी बसवाल्यांनी खास गाड्या सुरू केल्या. हैदराबादच्या पुष्पक आणि बंगळूरच्या वायुवज्र. आमच्या सोलापूरचे विमान गोव्यात मोपाला उतरते, तेही पणजीपासून चांगलेच लांब आहे. पण तिथे कदंबची बस मिळते. मुंबईची कथा तर ताजी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि विमानतळावरून थेट दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, काळबादेवीला जाता येऊ लागले. सांताक्रूझला उतरून गिरगावात बहिणीकडे पोचायला मला एकदा विमानप्रवासाहून जास्त वेळ लागला होता. तिने वाढून ठेवलेल्या पुरणपोळ्या गार झाल्याचा राग तिने पुढे दोन दिवाळ्या धरला होता.

सोलापूरला भुयारी रेल्वे नको आहे. आपले नशीब असे, की आपले विमानतळ मुळात गावातच आहे. हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला मोठे विमानतळ करायचे, ही चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. ते होईल तेव्हा होईल. आज जे आहे ते जुन्या पेठांपासून जेमतेम सात-आठ किलोमीटरवर आहे. बंगळूरकर हे ऐकतील तर हेवा करतील. मग एवढ्याशा अंतरासाठी सत्तर वर्षांच्या बाईने उन्हात का उभे राहायचे?

माझ्या एका मित्राला हे सांगितले. तोही निवृत्त, पण सरकारी खात्यातला. तो म्हणाला, "ज्याला विमानाचं तिकीट परवडतं त्याला रिक्षा परवडत नाही होय?" हा युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि म्हणूनच फसवा आहे. सोलापूरच्या घराघरांतले कुणी ना कुणी पुण्या-मुंबईला, बंगळूरला नोकरीला गेलेले आहे. तिकीट काढतो तो तिकडचा मुलगा. प्रवास करते ती इकडची आई. आणि उतरल्यावर पैसे मोजते तीही तीच, तिच्या हिशेबाने. तिच्या हिशेबात अडीचशे रुपये म्हणजे काय, हे विड्यांच्या हजारावर मजुरी घेतलेल्या बाईला विचारावे. शिवाय विमानतळावर काय फक्त विमानात बसणारेच जातात? तिथे झाडलोट करणारे आहेत, पहारा देणारे आहेत, चहा देणारी पोरे आहेत. त्यांना रोज जायचे असते आणि रोज यायचे असते.

एका विमानातून सत्तर-पंचाहत्तर माणसे उतरतात. त्यांतल्या निम्म्यांना न्यायला गाडी येते असे धरले, तरी उरलेल्यांना एक बस पुरते. एक बस! ती महापालिकेने चालवावी, एसटीने चालवावी की आणखी कुणी, याबद्दल माझा आग्रह नाही. तोटा होईल म्हणाल तर होईल. बँकेत आम्ही नव्या शाखेला पहिली काही वर्षे तोटा लिहूनच देत होतो. शाखा उघडून दाराशी पायरी न बांधणारा बँकर मात्र मी पाहिला नाही. आणि बस जमत नसेल तर निदान दारात एक फळा लावा: आसऱ्याला एवढे, सात रस्त्याला एवढे, स्टेशनला एवढे, साखर पेठेला एवढे. रिक्षावाल्यालाही ते हवे असते. भाव करण्याची हौस त्याला तरी कुठे असते? परतीचे भाडे मिळेल की नाही या धास्तीने तो दुप्पट सांगतो, एवढेच.

तर आम्ही निघालो. बाई आत, मी आत, बॅगा पायाशी. होटगी रस्त्याने आसऱ्याचा पूल ओलांडला तेव्हा त्या पहिल्यांदा नीट टेकून बसल्या. सात रस्त्यावर त्यांनी मला विचारले, "तुम्ही कुठले?" मी पेठेचे नाव सांगितल्यावर माझ्या वडिलांच्या वेळचे एक किराणा दुकान त्यांना ठाऊक निघाले. तिथे त्या पानाचा पुडा आणायला जात. रंगभवन गेले, किल्ल्याची भिंत दिसली. चार पुतळ्यांपाशी त्यांनी नकळत हात जोडले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. बाईंच्या सासऱ्यांनी मार्शल लॉचे ते दिवस लहानपणी पाहिले होते म्हणे. एवढे सगळे सात-आठ किलोमीटरांत. मोटारीच्या बंद काचेआडून जाणाऱ्या पाहुण्याला यातले काय दिसत असेल, कोण जाणे.

विजापूर वेशीच्या पुढे गर्दीत रिक्षा मुंगीच्या पावलाने चालली. गल्लीत शिरताच मागांचा खडखडाट ऐकू येऊ लागला. बाईंचा चेहरा बदलला. शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी तेलुगूत हाक मारली, त्यांनी त्याहून मोठ्या आवाजात उत्तर दिले. उतरताना मी भाडे देऊ लागलो तर त्यांनी माझा हात धरला. सव्वाशे रुपये मोजून माझ्या तळहातावर ठेवले. नोटा दहा-दहाच्या आणि वीसच्या, घड्या घालून घालून मऊ झालेल्या. मी नको म्हणालो. "अण्णा, निम्मं माझं," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षे नोटा मोजलेल्या माणसाला त्या घ्याव्याच लागल्या.

त्या आत गेल्यावर रिक्षावाल्याने गाडी वळवली आणि मला माझ्या पेठेकडे नेता नेता म्हणाला, "सर, एक विचारू का? विमान कधी येतंय ओ? म्हंजे कुठल्या वारी, किती वाजता? रेल्वेचं सगळं पाठ हाय आपल्याला. सिद्धेश्वर कवा येतीय, वंदे भारत कवा येतीय. ह्याचं कोण सांगतच नाही. उगं जाऊन बसलो आन् विमान नसलं तर दिवस जातोय की."

मी चष्मा पुसला, मोबाइल उघडला. वार आणि वेळा शोधून काढल्या आणि बोर्डिंग पासच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. त्याने तो कागद मीटरच्या काचेला चिकटवला.

"बरं का सर," उतरताना तो म्हणाला, "त्या आजीचं पुन्हा जायचं असलं तर मला सांगा. दोनशेत नेतो."