स्लो वाढवून देऊ का, साहेब?

गेल्या रविवारी रांजणगावला घरी गेलो होतो. महागणपतीचं दर्शन झालं, आणि नगर रोड क्रॉस करायला बाबांच्या जुन्या हंड्रेड सीसीला रेस दिली. गाडी दबली! समोरून एमआयडीसीचा कंटेनर. दोनच सेकंद, पण मागे बसलेल्या आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

बाबा म्हणाले, "ती तसंच करते रे. तीनदा दाखवली." दाखवली म्हणजे काय? पहिल्यांदा स्लो वाढवून दिला. दुसऱ्यांदा अजून वाढवला. तिसऱ्यांदा, "कार्बोरेटर गेला, नवीन टाका." उघडून कोणीच बघितला नाही.

माझं भांडण इथेच आहे. दबणाऱ्या गाडीचा स्लो वाढवणं ही दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी आहे. सिग्नलला गाडी बंद पडत नाही, एवढंच. एकदम रेस दिली की हवा लगेच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्यात पायलट जेट तुंबलेला असेल किंवा मिक्स्चर स्क्रू चुकलेला असेल, तर इंजिन उपाशी राहतं.

दुपारी अंगणात बसलो. प्लग काढला, पांढराफटक! म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटर खोलला, तर पायलट जेटमध्ये कचरा. क्लीनर आणि हवा मारून साफ केला (तार घालू नका, भोक मोठं होतं). मग इंजिन गरम करून मिक्स्चर स्क्रू हळूहळू आत-बाहेर फिरवला, जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चाललं तिथे थांबलो, आणि स्लो खाली आणला. दोन तास गेले. नवीन कार्बोरेटर वगैरे काही लागला नाही.

तुम्ही म्हणाल, एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, नव्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन, आता हे कशाला? कारण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. कार्बोरेटरला सेन्सर नाही, त्याला हे कळत नाही; मिश्रणात पेट्रोल आणखी कमी पडतं. म्हणजे ट्युनिंगची गरज उलट वाढली आहे.

मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे हो. पण आपण त्याला पैसे दहा मिनिटांचे देतो आणि दोन तासांचं काम मागतो. आणि मी? मेकॅनिकलची डिग्री. सोलेक्स कार्बोरेटरची आकृती परीक्षेत झकास काढली, मार्क घेतले आणि आयटीत आलो. ऑफिसात सर्व्हर पडला की नुसता रिस्टार्ट करून चालत नाही, रूट कॉज लिहून द्यावा लागतो. घरच्या गाडीला मात्र तीन वेळा रिस्टार्ट!

असो. पुढच्या वेळी कोणी "स्लो वाढवून देऊ का, साहेब?" विचारलं, तर एवढंच सांगा: नको, आधी उघडून बघू. मी थांबतो, आणि दोन तासांचे पैसे देतो.